शब्दचर्चा : 'अनार्किस्ट', 'कौन्सिल कम्युनिस्ट' आणि 'मिलिटंट' यांना मराठीत काय म्हणावं?

दौतटाक (मूळ प्रश्न)
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही युरोपीय कार्यकर्त्यांची छोटी चरित्रं मराठीत आणतो आहे. माणसं कळतात, बिरुदं अडवतात. 'अराजकतावादी' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे दंगलच उभी राहते. 'परिषदवादी साम्यवादी' लिहिलं तर गडी जिल्हा परिषदेत निवडून आलाय असं वाटतं. 'मिलिटंट'चा तर वर्तमानपत्रांनी कधीच 'अतिरेकी' करून टाकला आहे. जाणकारांनी सुचवावं.

खडूफळा
पहिल्या शब्दापुरतं सांगतो. मराठीत 'अराजक' नेहमी माजतं, जसा गोंधळ माजतो किंवा चोर माजतात. शांतिपर्वातही राजा नसलेल्या देशात मोठा मासा छोट्याला गिळतो, हेच अराजकाचं वर्णन आहे. म्हणजे हा शब्द आपल्याकडे आला तोच बदनाम होऊन. १९१९च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातही 'अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे' असंच होतं. बॉम्बवाले तरुण म्हणजे अनार्किस्ट, हे समीकरण सरकारी कागदांतून आपल्या डोक्यात बसलं.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एवढाच की वर कोणी सत्ताधीश नाही. राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'अराज्यवाद' आहे, तो वापरा. विनोबांचा 'शासनमुक्त' जास्त गोड आहे, पण त्याला सर्वोदयाचा वास आहे. इटालियन अनार्किस्ट मालातेस्ताला 'शासनमुक्तिवादी' म्हटलं तर तो सूत काततोय असं वाटेल.

वखारवाला
खडूफळा सर, एक शंका. शब्द बदनाम होता हे त्या लोकांनाही ठाऊक होतंच. फ्रेंच विचारवंत प्रूदोंनं १८४०मध्ये स्वतःला अनार्किस्ट म्हणवून घेतलं, तेव्हा फ्रेंचमध्येही ती शिवीच होती. त्यानं ती मुद्दाम अंगावर घेतली. 'अराज्यवादी' हा धुतलेला शब्द वापरला तर ती खोडी निघून जाते. खुद्द गांधीजींनी फेब्रुवारी १९१६मध्ये काशीला 'मीही अनार्किस्टच आहे, पण वेगळ्या जातीचा' असं सांगितलं, तेव्हा सभा हादरली ती त्या शब्दामुळेच. माझं मत 'अराजकवादी'ला. 'ता' कशाला हवा मध्ये?

खडूफळा
'ता' काढला हे छान. पण चरित्राच्या पहिल्याच ओळीत वाचक दचकला तर पुढचं वाचणार कोण?

कालव्याकाठी
मी नेदरलंड्समध्ये राहते, म्हणून दुसऱ्या शब्दावर बोलते. डचमध्ये 'राद', जर्मनमध्ये 'राट'. दोन्हींचा अर्थ सभा, आणि सल्लाही. इथली नगरपालिकेची सभा म्हणजे 'खेमेंतेराद', आणि कारखान्यातल्या कामगारांनी निवडलेली सभा तीही 'राद'च. म्हणजे जिल्हा परिषदेचा घोटाळा इथल्या भाषेतही आहे, इथले लोक संदर्भानं ओळखतात. रशियन 'सोव्हिएत'चाही अर्थ हाच. कौन्सिल कम्युनिस्ट म्हणजे सत्ता पक्षाच्या नव्हे, कामगारांच्या सभांच्या हातात हवी म्हणणारे. त्यांचं भांडण तिथेच होतं : सोव्हिएत युनियन म्हणजे सभांचा संघ, आणि त्यात सभाच उरलेल्या नाहीत, सगळं पक्षाच्या हातात.

ऑटो र्‍यूलं बघा. जर्मन संसदेत युद्धकर्जाविरुद्ध मत देणारा लीबक्नेख्टनंतरचा तो दुसरा खासदार, साल १९१५. पुढे १९२०मध्ये कॉमिन्टर्नच्या (कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) काँग्रेससाठी रशियाला गेला, तिथला कारभार पाहिला आणि भाग न घेता परत आला. त्याच वर्षी त्याच विचारांचे जर्मन कार्यकर्ते यान आपेल आणि फ्रान्झ युंग सेनातोर श्र्योडर नावाचं मासेमारी जहाज खलाशांच्या मदतीनं बळकावून रशियाला पोचले. लेनिननं त्यांना ज्या पुस्तिकेतले उतारे वाचून दाखवले, त्यात ह्यांच्याच राजकारणाला 'बालरोग' म्हटलं होतं! इतका खटाटोप करून जायचं आणि बोलणी खायची.

माझी सूचना : 'कामगारसभावादी'. लांब आहे, पण सभा कोणाची ते कळतं. 'पंचायत' नको, तिला गावकीचा आणि जातीचा इतिहास चिकटलेला आहे.

दौतटाक
कालव्याकाठी ताई, 'कामगारसभावादी कम्युनिस्ट' चालेल. आता 'मिलिटंट'?

वखारवाला
झुंजार! (फ्लेक्सवर मावतं.)

खडूफळा
'झुंजार' आता वाढदिवसाचा शब्द झाला. फ्रेंच, इटालियनमध्ये 'मिलितां' म्हणजे संघटनेचं काम अंगावर घेणारा माणूस, हातात बंदूक असेलच असं नाही. आपल्याकडे त्याला नुसतं 'कार्यकर्ता' म्हणतात आणि तो पुरेसा आहे. 'पूर्णवेळ कार्यकर्ता' मात्र लिहू नका. पक्षाच्या पगारावर जगणारा क्रांतिकारक ह्यांना नकोच होता. बहुतेक जण हातावर पोट असलेले होते. जर्मन अनार्किस्ट रॉकर बुकबाइंडर, मालातेस्ता लंडनमध्ये विजेची कामं करायचा, सभावाद्यांपैकी पॉल माटिक टूलमेकर, आपेल हॉलंडात झानदामच्या गोदीत. डच सभावादी पानेकूकचा अपवाद, तोही मासलेवाईक : ॲम्स्टरडॅममध्ये खगोलशास्त्राचा प्राध्यापक, १९५१मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालेला, आणि कामगारसभांवरचं जाडजूड पुस्तकही त्याचंच. चरित्रात धंदा आधी लिहा, वाद नंतर.

कालव्याकाठी
हे फार पटलं, आणि मारिनस फान देर लुबच्या बाबतीत तर हवंच. लायडनचा गवंडी. कामावर डोळ्यांत चुना गेला, दृष्टी अधू झाली, तुटपुंज्या पेन्शनवर जगायचा आणि पायी युरोप हिंडायचा. १९३१मध्ये डच कम्युनिस्ट पक्ष सोडून कामगारसभावाद्यांकडे आला. २७ फेब्रुवारी १९३३ला बर्लिनमध्ये राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लावताना सापडला. त्याच्या दोन दिवस आधी बर्लिनमध्ये बेकारांच्या मदत कार्यालयाला आग लावायचा प्रयत्नही केला होता. नाझींनी त्याला 'कम्युनिस्ट' म्हटलं, कारण तेच हवं होतं. कम्युनिस्टांनी 'नाझींचा हस्तक' म्हटलं, तेही सोयीचंच. त्याच खटल्यातला बल्गेरियन कम्युनिस्ट आरोपी दिमित्रोव्ह सुटला, जगात गाजला. फान देर लुबच्या बाजूनं उभे राहिले ते मुख्यतः डच सभावादी आणि अराजकवादी. त्यांनी 'लाल पुस्तक' काढून सांगितलं की हा आमच्यातला कामगार आहे, कुणाचं प्यादं नाही. तेव्हा ह्या नोंदीत 'कम्युनिस्ट' एवढंच लिहून सोडू नका.

दौतटाक
गवंडी म्हणूनच सुरुवात करतो. अजून एक अडचण, ही मुंबईची. एम. पी. टी. आचार्य, जन्म मद्रास १८८७. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, १९२०मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांत, मग मानवेंद्रनाथ रॉयशी फाटलं आणि बर्लिनमध्ये रॉकर वगैरेंच्या गोटात. १९३५मध्ये मुंबईला परतले, १९५४मध्ये तिथेच वारले. पत्नी माग्दा नाखमान रशियन चित्रकार, त्याही मुंबईतच गेल्या. ह्यांना 'अराज्यवादी' की 'अराजकवादी'?

वखारवाला
आचार्य तो शब्द इंग्रजीत न लाजता लावायचे. अराजकवादी.

खडूफळा
इथे मी माघार घेतो. ब्रिटिशांनी ज्याला ह्या शब्दाखाली शोधलं आणि ज्यानं पुढे तोच स्वखुशीनं घेतला, त्याला सौम्य करू नये. युरोपीय नोंदींतही मग एकच ठेवा, दोन ठेवलेत तर वाचकाला दोन पंथ वाटतील.

कालव्याकाठी
जाता जाता : फान देर लुबला मराठीत सगळीकडे 'फाशी' दिलेली वाचली. जानेवारी १९३४मध्ये लाइपझिगला गिलोटिननं मारलं त्याला, म्हणजे शिरच्छेद. नको असेल तर 'देहदंड' लिहा. आणि ज्या कायद्यानं जाळपोळीला देहदंड लागू करून त्याला मारलं तो आगीनंतर, मार्च १९३३मध्ये झाला, हे त्याच वाक्यात येऊ द्या. जर्मनीनं तो निकाल डिसेंबर २००७मध्ये रद्दबातल केला.