वागण्यातून द्यायची साक्ष : लोकांना दिसावी की झाकलेली असावी?

भांडुपकर :
सर्वांना सलाम. मी भांडुपला राहतो आणि गेली ४ वर्षे आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. ६० बिऱ्हाडांत ख्रिस्ती घर आमचे एकच, त्यामुळे माझ्या बऱ्यावाईट वागण्याची नोंद लोक नकळत माझ्या धर्माच्या खात्यावर करतात. दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम निघाले, तेव्हा बिल थोडे वाढवू द्यावे, त्या बदल्यात आपण माझे न्हाणीघर फुकट दुरुस्त करून देऊ, असे कंत्राटदाराने सुचवले. मी ते नाकारले आणि तिन्ही कोटेशने सूचना फलकावर लावली. तेव्हापासून "हे ख्रिस्ती आहेत, यांच्याकडे पैसा सुरक्षित आहे" असे लोक बोलू लागले, आणि ते ऐकून मला बरे वाटू लागले.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीचे वॉचमन पंप बंद करायला विसरले आणि टाकी तासभर वाहत राहिली. मी त्यांना फाटकावर, सर्वांदेखत, अरे-तुरे करून बोललो. वयाने माझ्या वडिलांएवढे असलेले ते गृहस्थ हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवून खाली मान घालून उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात मला हळूच विचारले, "आज तुमची प्रार्थना राहिली होती का हो?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती, म्हणूनच तो प्रश्न मनातून जात नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात प्रभू येशू सांगतात की आपला उजेड लोकांसमोर पडू द्या. ६व्या अध्यायात सांगतात की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. या दोहोंचा मेळ कसा घालावा? आणि इतके झाल्यावर, साक्ष देण्याचा, म्हणजे वागण्यातून आपली श्रद्धा लोकांपुढे मांडण्याचा, अधिकार मला उरला आहे का?

माझगावकर :
सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षे पवित्र शास्त्राचा वर्ग घेतो, त्या आधारे लिहितो. ६व्या अध्यायात प्रभूने तीन गोष्टी नावाने सांगितल्या आहेत : दान, प्रार्थना आणि उपवास. या तिन्हींचा व्यवहार माणूस आणि देव यांच्यातला असल्यामुळे त्या झाकून ठेवायच्या. सोसायटीचा हिशेब मात्र दान नव्हे, ते ६० घरांचे आपल्याकडचे देणे आहे. तो उघड ठेवण्यात मिरवणे नाही. ५व्या अध्यायातल्या वचनाचा शेवटही पाहावा. लोकांनी सत्कर्मे पाहून गौरव करायचा तो स्वर्गातील पित्याचा. आपली चूक फलकावर कोटेशने लावण्यात नव्हती; स्तुती पुढे जायची ती आपल्यापाशीच थांबली, एवढेच.

रागाविषयी मला रेव्हरंड टिळकांची आठवण होते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर धर्माची बळजबरी केली नाही, त्यांचे सोवळेओवळे त्यांना पाळू दिले. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून आधी जातिभेद टाकला आणि मग बाप्तिस्मा घेतला. त्याच लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात टिळकांचा तापटपणाही काही न झाकता लिहून ठेवला आहे. ज्या बाईने त्यांचा संताप रोज जवळून पाहिला, तिलाच अखेर त्यांची श्रद्धा खरी वाटली. त्यामुळे एका प्रसंगाने आपला अधिकार गेला असे मी मानत नाही. मात्र त्या प्रसंगानंतर आपण काय करता, हेही ती आजी पाहणार आहेत.

वसईची परिचारिका :
भाऊ, मी कॅथलिक आहे आणि मुंबईतल्या एका रुग्णालयात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. सुरुवातीच्या काळात एका आयाबाईंवर मी असाच आवाज चढवला होता. रविवारी मी फादरांपुढे पापनिवेदन केले, म्हणजे आपली चूक कबूल केली, तेव्हा त्यांनी विचारले, "त्या बाईंना हे सांगितलेस का?" देवाकडे क्षमा मागणे मला सोपे गेले होते, वॉर्डात, इतर परिचारिकांसमोर आयाबाईंपुढे उभे राहणे फार जड गेले. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय प्रभूपुढे उभा राहिला तेव्हाही ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचीच भाषा त्याने केली. आपण त्या काकांचा अपमान फाटकावर केला आहे, तर क्षमाही फाटकावरच मागावी, आणि ती मागताना पंपाचा विषय काढू नये.

दादरचा वाचक :
मी ख्रिस्ती नाही. या विषयाबद्दल आस्था आहे म्हणून लिहितो. आमच्या कार्यालयात एक ख्रिस्ती सहकारी होते. त्यांनी धर्माबद्दल आपण होऊन कधी काही सांगितले नाही, पण आपल्या हातून चूक झाली की ती दुसऱ्याच्या नावावर जाण्याआधी ते साहेबांकडे जाऊन सांगत. शेवटी मीच एकदा त्यांना विचारले की हे आपल्याला कसे जमते, आणि त्यांनी दोन वाक्यांत, शांतपणे उत्तर दिले. शेजारी म्हणून माझी एक विनंती आहे. आपण चांगले वागता ते आम्हांला दाखवण्यासाठी, अशी शंका आली की माणूस दूर सरतो, म्हणून आम्हांला प्रेक्षक समजू नका.

भांडुपकर :
सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री जेवणानंतर लोक खाली फेऱ्या मारत होते, त्या वेळी फाटकावर जाऊन मी काकांची हात जोडून क्षमा मागितली. ते म्हणाले, "साहेब, या, एक दाखवतो," आणि मला मीटर रूममागे घेऊन गेले. पंपाचे बटण तिथे आहे आणि तिथला दिवा दोन महिन्यांपासून बंद आहे. त्यांनी तक्रार रजिस्टरमध्ये दोनदा लिहिली होती आणि दोन्ही नोंदींखाली 'पाहिले' म्हणून माझीच सही होती. आज सकाळी दिवा बसवला. संध्याकाळी आजींना भेटून हे सर्व सांगणार आहे.