विषय: शनिवारचा श्टोलन, एक अडचण

सर्वांना नमस्कार,
शनिवारी मी ड्रेस्डेनचा श्टोलन, म्हणजे जर्मनीतला नाताळचा मनुका घातलेला गोड पाव, आणणार आहे. काल घरी एक कापायला घेतला, तर माझी सहा वर्षांची लेक रडायलाच लागली. शाळेत तिला सांगितलंय की हा दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू. "आई, बाळाला सुरी नको लावू." तिची समजूत कशी घालू?

---

ताई,
शाळेत सांगितलं ते खरंच आहे. पीठ लाटून एक कड दुसरीवर दुमडतात, ती दुपट्याची घडी. भट्टीतून काढल्यावर गरम असतानाच वितळवलेलं बटर चोपडतात आणि वर पिठीसाखरेचा जाड थर देतात, ते पांढरं बाळंतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरातही हाच शब्द आहे, बाळंतं. मला तो फार आवडतो, आजीच्या तोंडचा वाटतो.

पण मुळात हा उपासाचा पाव, हे तिला जरूर सांग. नाताळाआधीचे आठवडे तेव्हा उपासाचे असत आणि लोणी वर्ज्य. आपल्या उपासाला साजूक तूप चालतं, इथे नुसतं पीठ, यीस्ट, पाणी आणि तेल! सॅक्सनीच्या, म्हणजे ड्रेस्डेनच्या प्रांताच्या, राज्यकर्त्यांनी रोमला विनवण्या केल्या, तेव्हा कुठे १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याला परवानगी दिली. आज ड्रेस्डेनच्या नियमाने १०० किलो मैद्याला किमान ५० किलो लोणी आणि ६५ किलो मनुका लागतात.

श्टोलन मधोमध कापावा, हवे तेवढे काप काढून दोन्ही अर्धे पुन्हा जोडून ठेवावेत, म्हणजे सुकत नाही. लेकीला म्हणावं, हा पावच आहे गं, बाळ नव्हे.
– काकू

---

काकू, बाकी सगळं पटलं, पण "पावच आहे" म्हणून तिची समजूत घालू नये असं मला मनापासून वाटतं. मी वसईच्या कॅथलिक घरातली. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर येशूचं शरीर मानून भाकर मोडतात ते लहानपणापासून पाहत आलेय. बेथलेहेम या नावाचा हिब्रूतला अर्थच भाकरीचं घर, आणि मोठा झाल्यावर येशूने स्वतःला "जीवनाची भाकर" म्हटलं. तेव्हा ताई, तिचं म्हणणं खोडू नका. हे बाळ सगळ्यांना वाटून द्यायलाच आलंय, एवढंच सांगा, आणि पहिला काप तिच्या हातून शेजाऱ्यांना पाठवा. आमच्याकडे नाताळात नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट आधी शेजारी जायचं, मग आम्हाला मिळायचं.

---

ताईंनो, आजच करून पाहिलं. सुरी मी धरली, बशी तिने. खालच्या मजल्यावरच्या आजींकडे दोन काप घेऊन गेली. परत आली ती पिठीसाखरेने माखलेली बोटं चाटत. शनिवारी काप वाटायला तीच उभी राहणार आहे.