फुकट विम्याची म्हणे किंमत राहत नाही!

सरळसोट: काल इथे कोणीतरी लिहिलं, असंघटित कामगारांकडून आरोग्य विम्याचा दरमहा हप्ता घ्यायलाच हवा, फुकट दिलं की किंमत राहत नाही. डोकंच फिरलं. अहो ज्याला आज काम आहे की नाही तेच सकाळी कळतं, तो दरमहा कुठून भरणार? पगारच नाही तर कापणार कशातून? आणि ऐच्छिक ठेवलं की आजारी पडलेलेच येतात, धडधाकट फिरकत नाहीत, फंड बुडतो. थायलंडने २००२ मध्ये सरळ करातून पैसा घातला, दवाखान्यात गेलं की ३० बाथ (तिथलं चलन), बास.

तिरका_डोळा: थायलंडचं तुणतुणं पुरे. त्यांनी आधी कित्येक वर्षं खेडोपाडी दवाखाने बांधले, डॉक्टर पाठवले, ते कोण सांगणार? रवांडा बघा, हप्ता घेतात तरी बहुतेक सगळे विम्यात.

सरळसोट: तिथे अगदी गरिबांचा हप्ता दुसरेच भरतात, हे सोयीस्कर विसरलात.

बिनकामाची: भांडा पैशावरून. माझे मामा गवंडी. हप्ता भरलेला, कार्ड खिशात. परांचीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि काउंटरवर अंगठा घेईना मशीन! जन्मभर सिमेंट कालवून रेषाच उरल्या नाहीत. तिथली मुलगी म्हणते, हात धुऊन या. स्ट्रेचरवरच्या माणसाला!! मामीने पदराने पुसून पुसून दहाही बोटं लावली, शेवटी उसने आणून डिपॉझिट भरलं.

रिकामटेकडा: आमच्या आत्याचं सेम, भांडी घासून बोटं गुळगुळीत.

तिरका_डोळा: हा मशीनचा दोष झाला, योजनेचा नाही. विषयावर या.

बिनकामाची: ज्यांच्यासाठी योजना त्यांचेच अंगठे चालत नाहीत आणि म्हणे विषयावर या! कधी त्या लाइनीत उभे राहिलात का?

रिकामटेकडा: ओटीपी असतो ना पण?

बिनकामाची: मोबाइल मामांच्याच खिशात होता. तोही पडला.

तिरका_डोळा: बरं बाई, अंगठ्याचं मान्य. पण करातून म्हणजे कोणाच्या खिशातून? घानाने विम्यासाठी खरेदीवर अडीच टक्के लेव्ही, म्हणजे जादा कर, लावली, ती खरेदी करताना गवंड्याच्याही खिशातूनच जाते.

सरळसोट: म्हणजे तो आधीच भरतोय! मग फुकट कुठून आलं? माझंच म्हणणं मांडलंत, आभारी आहे.

तिरका_डोळा: शब्दात पकडू नका हो. आणि मामा कसे आहेत आता?

बिनकामाची: रॉड घातलाय, काम बंद. सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं, तर पहिला मेसेज पुढच्या हप्त्याचा.