मदत हवी आहे: कार्टूनशिवाय घास घेत नाही, आणि बोलतो कार्टूनसारखं

लिंबलोण:
मुलगा 3 वर्षं 7 महिन्यांचा. घरात सगळे मराठीच बोलतात. नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण मोबाइलवर कार्टून लावून, एकेक जेवण 45-50 मिनिटं. संध्याकाळी टीव्ही वेगळा. सगळं मिळून दिवसाला तीन तासांच्या आसपास. फोन काढून घेतला की जमिनीवर लोळण. 'मुझे नहीं खाना', 'अब क्या होगा?' अशी हिंदी वाक्यं थेट कार्टूनच्या सुरात म्हणतो. आजींचं म्हणणं, दाखवलं नाही तर पोर उपाशी राहील.
एकदम बंद करावं की हळूहळू? हिंदीमुळे मराठी मागे पडेल का? आणि दाखवायचंच तर कुठलं कार्टून बरं?

सुपारीफूल:
आधी आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी तर उत्तमच. तुमचा जेवणातला वेळ निघाला की निम्मं काम झालं, म्हणून सुरुवात तिथून. संध्याकाळच्या टीव्हीला सध्या हात लावू नका, दोन्हीकडे एकदम लढाई नको.

कार्टून बघताना मूल जेवत नाही, आपण भरवतो. डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडतं. पोट भरल्याची जाणीव, चव, चावणं, हाताने कालवणं यातलं काहीच होत नाही. फोन काढल्यावर 'जेवत नाही' असं दिसतं, कारण स्वतः जेवायची सवयच लागलेली नसते.

जेवणातून फोन एकदम काढा, हळूहळू नको. 'आज अर्धं जेवण फोनवर' म्हटलं की मूल रोज नव्याने घासाघीस करतं. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा आणि जेवणाआधी दीड तास दूध, बिस्किट, फरसाण काही नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. बऱ्याच घरांत भूक दुधातच मेलेली असते आणि खापर कार्टूनवर फुटतं. ताटात थोडंच वाढा: पाव पोळी, दोन चमचे भाजी, दोन घास वरणभात. मागितलं तर पुन्हा वाढायचं. पंचवीस मिनिटांनी ताट उचला, न रागावता. पुढचं खाणं ठरल्या वेळीच.

पहिले तीन-चार दिवस कमी खाईल. रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाढतं आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी विरघळतं. चाळीस मिनिटं रडल्यावर फोन मिळाला, तर मूल एवढंच शिकतं की चाळीस मिनिटं रडायचं. आजींच्या समाधानासाठी सुरुवातीला आणि पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा. वजन उतरलं, किंवा मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे.

आडवाट:
लोळण थांबवायला एक साधा उपाय: फोन घेण्याआधी 'आता दोनच मिनिटं' असं सांगायचं.

तिसरी_घंटा:
@आडवाट, हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये 1 ते 5 वर्षांच्या मुलांच्या घरांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा 'दोन मिनिटं राहिली' ही सूचना दिल्यावर मुलं जास्तच चिडत होती. सुरळीत कधी सुटायचं? एपिसोड आपोआप संपला, किंवा बंद करणं रोजच्या क्रमाचाच भाग असलं की. साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती हे कळत नाही, 'ही गोष्ट संपली' हे कळतं.

म्हणून घड्याळ नको, एपिसोड मोजा. 'आज दोन', आणि दुसरा संपल्यावर बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या. लगेच पुढचं ठरलेलं काम: पाय धुणं, झाडांना पाणी, काहीही, पण रोज तेच.

इथे घात करतो तो ऑटोप्ले. मुलांच्या यूट्यूब ॲपमध्ये तो बंद करा, शोध बंद करा आणि पालकांनी मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील असा पर्याय निवडा. त्याच ॲपमधला, कुलपाच्या चिन्हामागे असलेला टायमर मात्र जपून वापरा. तो गोष्ट अर्ध्यात तोडतो आणि रडारड तिथूनच सुरू होते. सर्वांत सोपं म्हणजे दोन एपिसोड आधीच डाउनलोड करून ठेवायचे आणि इंटरनेट बंद.

चिंचोका:
कुठलं कार्टून? नावांची यादी मागू नका, घरीच मोजा. आवाज बंद करून एक मिनिट बघा आणि जागा किंवा प्रसंग पूर्ण किती वेळा बदलतो ते बोटांवर मोजा. 2011 मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट होते. एकाने 9 मिनिटं वेगवान कार्टून बघितलं, दुसऱ्याने संथ, तिसऱ्याने चित्रं काढली. वेगवान कार्टूनमध्ये प्रसंग सरासरी 11 सेकंदांत बदलायचा, संथमध्ये 34. लगेच घेतलेल्या चाचण्यांत वेगवान गट मागे पडला: खाऊसमोर थांबणं, सूचना ध्यानात ठेवणं, ठोकळे नियमाने हलवणं. म्हणजे मिनिटाला पाच-सहा बदल असतील तर सोडा, एक-दोन असतील तर चालेल. हा परिणाम लगेचचा मोजलेला आहे, त्यावरून 'मेंदू कायमचा बिघडतो' असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण कार्टून संपताच अभ्यासाला किंवा जेवायला बसवणं का फसतं, ते यातून कळतं.

सुपारीफूल:
हिंदीचं. दुसरी भाषा कानावर पडल्याने मराठी मागे पडत नाही. मागे पडते ती मराठीत बोलणं कमी झाल्यामुळे. 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सुमारे 770 ने कमी भरले. म्हणून कुणी बघत नसताना नुसता चालू ठेवलेला टीव्हीही बंद करा.

कार्टूनची वाक्यं मूल कुठे वापरतं ते बघा. ताट समोर आल्यावर 'मुझे नहीं खाना' म्हणत असेल तर त्याला अर्थ कळलाय. तिथेच 'नको का तुला? बरं, भात नको की भाजी?' असं मराठीत उचला. 'हिंदी बोलू नकोस' म्हणून टोकू नका. पण प्रसंग कोणताही असो, तेच वाक्य त्याच सुरात येत असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून काही आणायला सांगत नसेल, खोटंखोटं स्वयंपाक-दुकान खेळत नसेल, बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं बहुतांश कळत नसेल, तर फोन बंद करून महिनाभर वाट बघत बसू नका. आधी कानांची तपासणी, मग वाचा-भाषा तज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, हे दोन्ही होतं.

लिंबलोण:
खेळतो, बोट दाखवतो, हाकेला ओ देतो. वाक्यंही प्रसंगाला धरून असतात. मग जेवणापासून सुरू करते. कुठल्या जेवणापासून?

सुपारीफूल:
शाळेतून आल्यावरच्या. तेव्हा भूक खरी असते. आजींना समोर नको, शेजारी बसवा, त्यांचंही ताट वाढलेलं असू द्या आणि त्यांनी भरवायचं नाही, स्वतः जेवायचं. फोन त्या खोलीत नको, मोठ्यांचाही.

तिसरी_घंटा:
आणि खाली प्लास्टिक अंथरा. पहिला आठवडा निम्मा वरणभात जमिनीवरच जाणार आहे.