दुबईहून टीव्ही आणावा की दादरलाच घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मेहुणा दुबईहून येतोय, 55 इंची टीव्ही आणतो म्हणतोय. तिकडे व्हॅट 5 टक्के; आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 वर आलाय. पण 2013 पासून फ्लॅट टीव्हीला ड्युटी-फ्री सवलत नाही, म्हणजे विमानतळावर कस्टम भरावंच लागणार.

खरी धास्ती वॉरंटीची. मागे तिकडून आणलेला मायक्रोवेव्ह बिघडला, तर इथल्या सर्व्हिस सेंटरने बिल बघूनच परत पाठवलं. दोन महिने आई पातेल्यात दूध तापवत होती. दादरचा ओळखीचा दुकानदार तीन जिने चढून भिंतीवर लावून देतो.

हल्ली कुणी आणलाय का? ड्युटी किती बसली? पॅनल गेल्यावर दुरुस्ती कुठे केलीत? गणपतीआधी ठरवायचंय, प्लीज सांगा.