डीएस३२३१ घड्याळ: सगळ्या नोंदी ४:३२च्याच का? आणि लाईट गेल्याची वेळ कशी साठवायची?

नमस्कार मंडळी, दोन ठिकाणी अडलोय.

आमच्या विहिरीवर थ्री फेज आठ तास असते, कधी दिवसा, कधी रात्री. आठ तास खरंच मिळतात का, यावरून घरात रोज वाद. वडील स्टार्टरच्या पेटीवर खडूने वेळा लिहितात. पाऊस आला की हिशेब धुऊन जातो. म्हणून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड) आणि डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं निळं मॉड्यूल जोडलं, मोबाईलचा जुना चार्जर मोटरीच्याच लाईनवर. फीडर शेतीचा वेगळा आहे, त्यामुळे लाईट गेली की सगळंच बंद. लाईट आली की नॅनोने वेळ वाचायची आणि मॉड्यूलवरच्या २४सी३२ ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी नोंदी टिकवणारी मेमरी) टाकायची, एवढाच बेत.

आधी मिनिटं १०च्या जागी १६ आणि ५९च्या जागी ८९ यायची. चिपच्या रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या कप्प्यांत) आकडे बीसीडीत, म्हणजे प्रत्येक अंक वेगळ्या चार बिटांत, असतात हे दोन रात्री घालवल्यावर कळलं. मग आरटीसीलिब ही घड्याळाची तयार लायब्ररी वापरली, ते मिटलं.

आता वेगळंच. रविवारी दुपारी ४:३२ला प्रोग्रॅम चढवला. त्यानंतर तीन दिवसांच्या सगळ्या नोंदी रविवार, ४:३२. सेकंदसुद्धा तेच! बॅटरी नवी आहे, मीटरवर ३.१ व्होल्ट दाखवते.

दुसरं म्हणजे, लाईट गेली की नॅनोच बंद पडतो. मग गेल्याची वेळ लिहायची कोणी?

प्रतिसाद

नॅनो सुरू होताना चालणाऱ्या सेटअपमध्ये घड्याळ लावायची ॲडजस्टची ओळ तशीच राहिलीय, पैज. उदाहरणातून उचललेली ती ओळ प्रोग्रॅम कंपाइल झाला तेव्हाची वेळ घड्याळात भरते, आणि ती वेळ प्रोग्रॅममध्येच गोठलेली असते. लाईट आली, नॅनो उठला, की घड्याळ पुन्हा रविवारात. ती ओळ लॉस्टपॉवरच्या अटीत घाला. मधे कधी ऑसिलेटर (घड्याळाचे ठोके देणारा भाग) थांबला होता का, हे चिप स्वतः लक्षात ठेवते. अट तोच बिट बघते.

बॅटरी सीआर२०३२ असेल तर आणखी एक. या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं आणि ही बॅटरी चार्ज करायची नसते. डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका.

प्रतिसाद

लाईट गेल्याच्या वेळेसाठी हजेरी लावा. चालू असताना दर मिनिटाला आत्ताची वेळ एकाच ठिकाणी लिहीत राहायची. लाईट परत आली की आधी ती जुनी हजेरी वाचायची, तीच गेल्याची वेळ. चूक फार तर मिनिटभराची.

फक्त ही हजेरी नॅनोच्या आतल्या ईईप्रॉमला नको. तिची हमी एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची. दिवसाला आठ तास म्हणजे ४८० वेळा, सात महिन्यांत संपली. २४सी३२ची दहा लाख, साडेपाच वर्षं निघतील. माझी पद्धत जरा आगाऊ आहे: अलार्म वापरत नसाल तर पहिल्या अलार्मची चार रजिस्टरं, ०७ ते ०ए, मोकळीच पडलेली असतात. ती बॅटरीवर टिकतात आणि लिहून झिजत नाहीत. युनिक्स वेळ, म्हणजे १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद, बरोबर चार बाइटची.

कायमच्या नोंदीही युनिक्स वेळेतच ठेवा. रात्री दहाला आली, पहाटे गेली, की तास-मिनिटांची वजाबाकी उणे येते; सेकंदांची येत नाही. आल्या-गेल्याची जोडी आठ बाइट, ४,०९६ बाइटमध्ये ५१२ जोड्या. व्हेरिएबल ३२ बिटचं अनसाइन्ड घ्या, नॅनोचा साधा इंट १६ बिटचा असतो.

धागाकर्ता

ॲडजस्टचीच ओळ होती, लाज वाटली. रेझिस्टर काढला, हजेरी अलार्ममध्ये टाकली. काल रात्री १०:०३ला आली, पहाटे ५:४१ला गेली, म्हणजे सात तास अडतीस मिनिटं. वडिलांनी ते खडूनेच पेटीवर लिहून ठेवलं.

एक शंका उरली. लाईट आल्याचा युनिक्स वेळेचा आकडा मोबाईलवर तपासला तर १०:०३च्या जागी पुढच्या दिवशीचे पहाटे ३:३३ दिसतात.

प्रतिसाद

घड्याळात तुम्ही भारतीय वेळ भरली, लायब्ररी तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते आणि मोबाईल वरून साडेपाच तास घालतो. किती वेळ लाईट होती, यात काही फरक पडत नाही. फक्त मोबाईलवर दाखवायच्या आधी १९,८०० सेकंद वजा करा.