इन्स्टॅक्स मिनीसाठी कुठली फिल्म घेऊ? (ताईचं लग्न, मे महिना, अकोला)

सायली_अ
नमस्कार मंडळी, लग्नाच्या गडबडीत आहे म्हणून थेट विचारते. माझ्याकडे इन्स्टॅक्स मिनी ११ (फुजीचा, लगेच फोटो छापून देणारा कॅमेरा) आहे, वाढदिवसाला मिळालेला, आजवर जेमतेम दोन पॅक संपवलेत. ताईचं लग्न मे मध्ये अकोल्याला. मांडवात एक वही ठेवायची, जवळची माणसं आली की फोटो काढून वहीत चिकटवायचा आणि शेजारी त्यांनी चार ओळी लिहायच्या असं डोक्यात आहे. निदान ४० फोटो तरी हवेत. बजेट अडीच हजार, वर एक रुपया नाही कारण उरलेला पगार ब्लाउजच्या शिलाईत गेलाय. फिल्म बघायला गेले तर साधी पांढरी बॉर्डर, काळी बॉर्डर, रंगीबेरंगी, आणि ब्लॅक अँड व्हाइट ती वेगळीच. मला काळी बॉर्डर आवडलीय. काय घेऊ?

लेन्सवाला_नाशिक
फिल्मचं नंतर बघू, आधी कॅमेरा बदल. मी मिनी इव्हो घेतला, त्यात फोटो आधी स्क्रीनवर दिसतो आणि आवडला तरच छापायचा. डोळे मिटलेले, तोंड वाकडं, सगळं तिथेच बाद, फिल्म वाया जात नाही. एकदाच खर्च करायचा, आयुष्यभर बघायला नको.

सायली_अ
दादा, बजेट अडीच हजार लिहिलंय 🙏

लेन्सवाला_नाशिक
हो वाचलं. म्हणूनच म्हणतोय, लाँग टर्म विचार कर.

चिंचगूळ
काळी बॉर्डर नको गं बाई!! लग्नाचा फोटो आणि भोवती काळी चौकट, घरातली म्हातारी माणसं काय म्हणतील. आमच्याकडे मुंजीत माझ्या नणंदेने आणली होती तसली, सासूबाईंनी एक फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या हा कधी गेला? मुलगा समोर लाडू खात बसलेला. सरळ पांढरी घे.

मंदार७९
+१ पांढरी. स्वस्त पडते आणि सगळीकडे मिळते. फोटोमागे पन्नास-साठ रुपये धरून चाल, म्हणजे ४० फोटो तुझ्या बजेटमध्ये कसेबसे बसतात. सुटे दहाचे पॅक घेऊ नकोस, वीसचा जोडपॅक येतो तो घे, दोन घेतले की झालं. डब्यावरची तारीख मात्र बघून घे. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने मुदत उलटून वर्ष झालेला पॅक पाठवला होता, बॉक्सवरच्या तारखेवर किमतीचं स्टिकर चिकटवून. फोटो आले पण रंग असे फिके की लेकीचा लाल परकर विटकरी दिसत होता. परत करायला गेलो तर म्हणे सील फोडलंय. अहो सील फोडल्याशिवाय कळणार कसं?

अण्णा_सदाशिव
आजकाल सगळ्यालाच पोलरॉइड म्हणतात, इथे निदान मुलीने इन्स्टॅक्स असं नीट लिहिलंय याबद्दल अभिनंदन. एडविन लँड यांनी १९४८ साली बोस्टनमध्ये पहिला पोलरॉइड कॅमेरा विकायला काढला. त्यांच्या लहान मुलीने विचारलं की फोटो लगेच का दिसत नाही, त्यावरून त्यांना कल्पना सुचली. फुजीचा इन्स्टॅक्स आला त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९९८ ला. माझ्याकडे थोरल्या भावाने दुबईहून आणलेला पोलरॉइड ६०० आहे, अजून ठणठणीत. त्याच्या फोटोची सर इन्स्टॅक्सला नाही. मिनीचा फोटो म्हणजे काय, एटीएम कार्ड.

मंदार७९
अण्णा, तिच्याकडे मिनी आहे. त्यात पोलरॉइडची फिल्म जाणार नाही.

अण्णा_सदाशिव
मी कुठे म्हटलं जाईल? माहिती दिली.

कॉफीबिस्किट
अण्णांचा विषय निघालाच आहे तर माझं दुःख ऐका. बाबांचा जुना ६०० सापडला माळ्यावर. मी हौसेने आय-टाइपचा (पोलरॉइडच्या नव्या कॅमेऱ्यांसाठीच्या फिल्मचा) पॅक मागवला कारण तो जरा स्वस्त होता. घातला, बटण दाबतेय, काही म्हणजे काही होत नाही. कॅमेरा मेला म्हणून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले, तो हसला. जुन्या कॅमेऱ्यात सेलच नसतो, बॅटरी फिल्मच्या पॅकमध्ये असते आणि आय-टाइपच्या पॅकमध्ये ती नसते! ६०० लिहिलेला पॅकच लागतो. उलटं चालतं बरं का, नवीन आय-टाइप कॅमेऱ्यात ६०० ची फिल्म चालते. आठ फोटोंचा पॅक अजून कपाटात पडून आहे, कुणाला हवाय का?

अण्णा_सदाशिव
मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चुलत भावाकडे नवीन आहे.

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्याची हाओ मी. मे मधी? बाप्पा! आमच्या इथं पारा ४५ ले टेकते, तुमी काळी पांढरी करत बसल्या. फिल्मच्या खोक्यावर वाचा, ५ ते ४० डिग्री लिहून असते. माह्या भावाच्या साखरपुड्यात फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर राह्यली दोन तास, मंग जे फोटो आले त्यात नवरी, नवरा, वाजंत्री, सगळे एकाच रंगाचे. कूलरपाशी ठेवजा डबा, नाहीतर फ्रीजमधी.

मंदार७९
फ्रीजमध्ये ठेवायचा हे बरोबर, पण वापरायच्या आधी तासभर तरी बाहेर काढून तसाच सीलबंद राहू द्यायचा. गार पॅक लगेच फोडला तर दमट हवेत आत पाणी धरतं.

लेन्सवाला_नाशिक
अकोल्यात मे मध्ये दमट हवा? 😂

मंदार७९
मांडवात चार कूलर असतात साहेब. पाणी मारणारे.

गोट्या_भाई
मी फ्रीजरमध्ये ठेवलेली. बर्फाच्या ट्रेखाली. कोणीतरी सांगितलं होतं थंड ठेवायची. आईने फ्रीज डिफ्रॉस्ट केला आणि पॅक पाण्यात पोहत होता. एवढंच सांगायचं होतं.

मीनल_डब्लिन
सायली, तुमच्यापैकी कोणी बाहेरून फिल्म आणणार असेल तर चेक-इन बॅगेत ठेवू देऊ नकोस. तिथला एक्स-रे जोरदार असतो आणि ही फिल्म ८०० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला फार संवेदनशील, नाजूक. हातातल्या बॅगेत ठेवायची आणि हाताने तपासा म्हणून विनंती करायची, ऐकतात कधी कधी. मी मागच्या दिवाळीला येताना केलं तसं, अधिकाऱ्याने दहा मिनिटं पॅक उलटासुलटा करून बघितला, मागे रांग मुंग्यांसारखी, नवरा लांब जाऊन उभा राहिला जणू ओळखतच नाही. बाकी मी स्वतः ब्लॅक अँड व्हाइट वापरते, फारच क्लासी येतात, त्वचा छान दिसते. लग्नाला तेच घे.

चिंचगूळ
हळदीत ब्लॅक अँड व्हाइट?? मग हळद लावायची कशाला, राखच लावा.

मीनल_डब्लिन
मी फक्त माझा अनुभव सांगितला. माझ्या लग्नातले तीनशे रंगीत फोटो हार्ड डिस्कवर आहेत, कोणी उघडून बघत नाही. फ्रेम केलाय तो एकच, ब्लॅक अँड व्हाइट.

शटरमाऊली
मी लग्नांत मदतनीस म्हणून फोटो काढते आणि मिनी ११ बराच वापरलाय, म्हणून जरा लांबण लावते, राग नको. फिल्मची बॉर्डर कुठलीही घे, आतला मसाला तोच, त्याने फोटोत फरक पडत नाही. फरक पडतो तो कुठे उभी राहून काढतेस त्याने. या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंदच होत नाही आणि साधारण २.७ मीटरच्या पुढे तो पोचत नाही, म्हणजे स्टेजवरच्या वीस जणांचा ग्रुप विसर, मागचे सगळे अंधारात जातील. दोन किंवा तीन माणसं, चार-पाच फुटांवर. भर दुपारच्या उन्हात चेहरे पांढरेफटक होतात कारण कॅमेऱ्याला प्रकाश तेवढा कमी करता येत नाही, तेव्हा मांडवाच्या सावलीत काढ. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या बाजूला असतो त्यामुळे तुला दिसतं एक आणि येतं एक, जवळून काढताना हे जास्त जाणवतं. डोक्यावर जागा सोड. माझ्या पहिल्या लग्नात (म्हणजे कामाच्या) नवऱ्याच्या मुंडावळ्या आल्या, कपाळ आलं नाही, आणि फेटा तर शेजारच्या फोटोत शोधावा लागला असता.

शटरमाऊली
अजून एक राहिलं. पॅक घालताना फिल्मवरची पिवळी रेघ आणि कॅमेऱ्यातली पिवळी खूण जुळव, झाकण लावून बटण दाबलं की आधी एक काळं कव्हर बाहेर येतं, तो फोटो नव्हे, तो बिघाडही नव्हे. त्यानंतर काउंटरवर १० दिसतात. पॅक संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. लहान मुलं फार घोटाळे करतात. झाकणावर चिकटपट्टी लाव.

गोट्या_भाई
फोटो हलवायचा असतो ना? हवेत? सिनेमात दाखवतात.

शटरमाऊली
नाही. खालच्या जाड पट्टीत रसायनाची पुडी असते, फोटो बाहेर येताना रोलर ती फोडून पसरवतात, पुढचं आपोआप होतं. हलवून काही मिळत नाही, वाकला तर डाग पडतो. उताणा ठेवू नको उन्हात, वहीच्या पानात ठेव, दीडेक मिनिटात दिसायला लागतो. आणि वहीत बसावा म्हणून बॉर्डर कात्रीने कापू नको, आतली पेस्ट त्वचेला चांगली नाही.

चिंचगूळ
मी कापलेले आहेत, काही झालं नाही.

शटरमाऊली
बरं.

मंदार७९
पेन्सिल सेल नवीन घाल, अल्कलाइन. दोन लागतात. आणि दोन जादाचे पर्समध्ये. फ्लॅश भरायला वेळ घेऊ लागला की समजायचं.

वऱ्हाडी_ठेचा
सेल तापतात बी. सावलीत ठेवजा. आन मी म्हनलं ना फ्रीज.

मीनल_डब्लिन
लिहायला जेल पेन नको, त्या चकचकीत बॉर्डरवर वाळत नाही, सगळं बोटाला लागतं. पर्मनंट मार्कर घे.

लेन्सवाला_नाशिक
अजून विचार कर, फोनवरून छापणारा लिंक प्रिंटर मिळतो, त्यात हीच मिनी फिल्म चालते. फोनमध्ये काढायचे, निवडून छापायचे.

मंदार७९
हे खरं तर चांगलं आहे, पण कोणाकडून उसना मिळत असेल तरच. अडीच हजार.

सायली_अ
सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. शटरमाऊली, झाकणाला चिकटपट्टी हे डोक्यात आलंच नसतं, माझा पाच वर्षांचा भाचा आहे आणि तो झाकणं उघडण्यात पदवीधर आहे. स्टेजवरचा ग्रुप रद्द, वहीचं टेबल मांडवाच्या आतल्या बाजूला घेतेय. वऱ्हाडीताई, डबा थर्माकोलच्या पेटीत, मावशीच्या फ्रीजमध्ये, पालकाच्या जुडीशेजारी.

फिल्म घेतली. काळ्या बॉर्डरचे दोन आणि पांढऱ्याचे दोन, सगळे दहाचे. हो, जोडपॅक नाही, त्यामुळे थोडे जास्त पडले, पण लिमिटमध्ये बसवले, टिकल्यांचा एक पाकीट बजेटमधून गेला. ताईला दोन्ही दाखवले तर तिने काळीच उचलली, त्यावर चंदेरी मार्करने नावं लिहायची म्हणे. आजीला भीतभीत विचारलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "हार घालू नका म्हणजे झालं."

चिंचगूळ
🙊 मी काही बोलत नाही.

मीनल_डब्लिन
चंदेरी मार्कर कुठला? लिंक दे.

मंदार७९
चारही पॅकची तारीख बघितलीस ना?

सायली_अ
बघितली. स्टिकर खरवडून बघितली.

पराग_नवीन
धागा वाचला नाही, घाई आहे. ही फिल्म आयफोनमध्ये कुठे घालायची?